गुरुवार, सहा ते साडेसात

"पुसा ते, वच्छलाबाई. गुरुवारचं तेवढं पुसून टाका," दत्तोपंत म्हणाले.

वच्छलाबाईंच्या हातात खडू होता. दर सोमवारी सकाळी त्या फळ्यावरची सगळी अक्षरं पुन्हा गिरवत, तशी आजही गिरवून झाली होती. त्यांनी मागे वळून विचारलं, "काहून?"

"परवा सांगितलं ना तुम्हाला. रविवारी सगळ्या संस्थांची बैठक आहे. मग बिल्डरसाहेबांचा माणूस फोटो काढायला येणार. फळ्यावर ते नको."

"ते म्हणजे काय जी? नुसती वेळच त लिहिली हाये."

ते खरं होतं. बाकीच्या ओळींपुढे नावं होती. ज्येष्ठ नागरिक मंडळ, अभ्यासिका, रुग्णसाहित्य बँक, सिकलसेल पालक गट, मूकबधिर मित्रमंडळ. गुरुवारच्या ओळीपुढे काहीच नव्हतं. 'गुरुवार, सायंकाळी ६ ते ७.३०' एवढंच. ज्यांची ती वेळ होती त्यांनीच तसं सांगितलं होतं. ती दारू सोडलेल्या माणसांची बैठक होती आणि नावगाव कुठे लिहायचं नाही हा त्यांचा नियम होता.

"सगळ्या महाल वस्तीला माहीत आहे ती वेळ कुणाची आहे ते," दत्तोपंत म्हणाले. "सकाळी आमच्या बायका योगासनं करतात त्याच सतरंजीवर संध्याकाळी ते लोक बसतात. लोक मला विचारून राहिले आहेत."

"सतरंजी मी झटकते," वच्छलाबाई म्हणाल्या आणि खडू डबीत ठेवून हात धुवायला नळाकडे गेल्या.

दत्तोपंत वाईट माणूस नव्हते. भूमी अभिलेख कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून गेली सोळा वर्षं ते ज्येष्ठ नागरिक मंडळ चालवत, रोज सकाळी हॉलमध्ये येत, पेपर वाचत आणि कुणाचाही अर्ज फुकट लिहून देत. हॉलला नळाचं कनेक्शन त्यांनीच खेटे घालून मिळवलं होतं. वच्छलाबाईंच्या नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर नाव चुकलं होतं, ते दुरुस्त करून आणणारेही तेच. म्हणूनच वच्छलाबाई त्यांना 'साहेब' म्हणत आणि त्यांच्यासमोर कधी खुर्चीवर बसत नसत.

हॉल मुळात विणकर सोसायटीच्या सुताचं गोदाम होतं. वच्छलाबाई उमरेडच्या कोष्ट्याची मुलगी. सतराव्या वर्षी लग्न होऊन त्या महालात आल्या तेव्हा बाबनराव नऊवारी लुगडी विणत आणि त्या शेजारी बसून कांड्यांवर सूत भरत. दर आठवड्याला सूत आणायला बाबनराव याच गोदामात येत. पुढे लुगडी नेसणाऱ्या बायका कमी झाल्या, माग बंद पडले, आणि बाबनरावांच्या हातांना काम उरलं नाही. मग ते प्यायला लागले. सेहेचाळिसाव्या वर्षी मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात पोट फुगून गेले. त्यानंतर सोसायटीने वच्छलाबाईंना गोदामाची झाडलोट आणि किल्ल्या दिल्या. काही वर्षांनी सोसायटीही मोडली. शेवटचे सेक्रेटरी जाताना म्हणाले, "ही जागा आता वस्तीची. कुणी मागितली तर द्या. दोघांनी मागितली तर वेळ वाटून द्या." वच्छलाबाईंना एवढी एकच नियमावली माहीत होती. फळा त्यांनी भंगारातून आणला होता.

सहा वर्षांपूर्वी संजीव नावाचा ऑटो मेकॅनिक गुरुवारची वेळ मागायला आला. दारू सोडून त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. वच्छलाबाईंनी त्याला दोनदा हाकललं. "दारुड्यायले म्या जागा देत नाही," म्हणाल्या. तिसऱ्यांदा आला तेव्हा तो काही बोलला नाही, नुसता फळ्यासमोर उभा राहून रिकाम्या ओळीकडे पाहत राहिला. ओळ रिकामी होती हे वच्छलाबाईंना नाकारता येईना. त्यांनी लिहिलं. पहिले सहा महिने त्या दारात उभ्या राहून आत येणाऱ्या प्रत्येकाचा वास घेत. एकाही गुरुवारी त्यांना वास आला नाही. तरी त्यांची घृणा गेली नाही. बैठक सुरू झाली की त्या बाहेर जात आणि साडेसातला कुलूप लावायला येत.

आता शहराबाहेर बेसाकडच्या एका बिल्डरने हॉल नवा करून देऊ केला होता. त्याची आई महालात वाढलेली, तिच्या नावाने. टाइल्स, दोन एसी, चांगला संडास, छताची दुरुस्ती. पत्रात एकच वाक्य अडचणीचं होतं: केंद्रातले उपक्रम कुटुंबांना शोभतील असे असावेत. त्या वाक्याचा अर्थ दत्तोपंतांनी लावला होता.

*

गुरुवारी साडेपाचला वच्छलाबाई हॉलवर आल्या तर लोखंडी सरकत्या दाराला त्यांच्या कुलपाच्या वर दुसरं नवं कुलूप होतं. शेजारी कागद चिकटवलेला होता. 'रंगकामासाठी हॉल आज संध्याकाळी बंद.' अक्षर दत्तोपंतांचं होतं. रंगाचा डबा, शिडी, माणूस, काही दिसत नव्हतं. एप्रिलचं ऊन अजून भिंतींवर होतं आणि दार हात लावू नये इतकं तापलेलं.

त्यांनी दत्तोपंतांना फोन लावला. तो उचलला गेला नाही.

सहाला माणसं यायला लागली. बोळीच्या दोन्ही टोकांनी, एकेकटी. वच्छलाबाई पायरीवर उभ्या राहून पाहत होत्या. पहिला आला, त्याने कुलूप पाहिलं आणि पाऊलही न थांबवता सरळ पुढे निघून गेला, जणू तो इथे यायला निघालाच नव्हता. दुसऱ्याने तसंच केलं. तिसरा पानठेल्यापर्यंत गेला आणि मोबाइल काढून उगाच बघत राहिला. कुणी विचारलं नाही की दार का बंद आहे.

चौथा विश्वनाथ होता. दत्तोपंतांचा मुलगा.

तो सात महिन्यांपूर्वी पहिल्यांदा आला होता. चाळिशीचा, एका कॉलेजात ग्रंथपाल, शर्टाची घडी न मोडलेली. त्या दिवशी तो अर्धा तास नळाशी उभा होता. वच्छलाबाईंनी त्याला लहानपणापासून पाहिलेलं. "आत जा गा, सुरू झालं," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. जाताना तो म्हणाला होता, "मावशी, बाबांना..." आणि त्या म्हणाल्या होत्या, "म्या तुले पाहिलंच नाही." घरी तो गुरुवारी बॅडमिंटन खेळायला जातो असं सांगत असे.

आज त्याने कुलूप पाहिलं, कागदावरचं अक्षर पाहिलं. वच्छलाबाईंकडे न बघता तो वळला आणि आल्या वाटेने परत गेला.

शेवटी संजीव आला. त्याच्याबरोबर एक किरकोळ, दाढी वाढलेला माणूस होता. तो सारखे हात पँटला पुसत होता.

"जाऊ द्या मावशी," कुलूप पाहून संजीव म्हणाला. "आमाले सवय आहे."

"सवय आहे म्हणून काय झालं? बोलाव साऱ्यायले. इथंच ओट्यावर बसा."

संजीवने आवाज खाली आणला. "इथं रोडवर कसं बसाव? आमच्यातल्या एकाच्या पोरीचं लग्न जमून राहिलं आहे. एकाच्या मालकाले माहीत नाही. सारा महाल पाहीन." मग त्याने बाजूच्या माणसाकडे पाहिलं. "मले फिकर याची आहे. याचा आज अकरावा दिवस आहे. बैठक नाही झाली त हा इथून सीधा कुठं जाईन ते मले मालूम आहे. यालेबी मालूम आहे."

तो माणूस हात पँटला पुसत राहिला.

 त्यांचं घर तीन बोळी पलीकडे होतं. बाबनराव गेल्यापासून त्या घराच्या उंबऱ्याच्या आत कुठल्याही पिणाऱ्या माणसाला त्यांनी पाऊल टाकू दिलं नव्हतं. मुलाच्या, भूपेशच्या लग्नात त्यांचा सख्खा भाऊ पिऊन आला होता. त्याला त्यांनी बाहेर पायरीवर पान वाढलं होतं. सगळ्या नातेवाइकांदेखत. भाऊ पुन्हा कधी आला नाही.

"माह्या घरी चला," त्या म्हणाल्या.

संजीवला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"सोबत येऊ नका. मी पुढं जाते. दोघं दोघं करून या. पानठेल्याजवळच्यालेबी सांग, थो तिकडं फोन पाहून राहिला त्याले."

*

घराची पुढची खोली दहा बाय बाराची. तिथे पूर्वी माग होता. विणणाऱ्याने पाय सोडून बसायचा खड्डा बाबनराव गेल्यावर भूपेशने बुजवला आणि वर फरशी घातली, पण ती फरशी बाकीच्यांशी जुळली नाही. संजीवने फोन करून निघून गेलेल्यांनाही बोलावलं; नऊ माणसं आली. विश्वनाथ आला नाही. सगळे दाटीने बसले. अकरा दिवसांच्या माणसाला जागा मिळाली ती नेमकी त्या वेगळ्या रंगाच्या फरशीवर.

वच्छलाबाई स्वयंपाकघरात पाठ करून कणीक मळत बसल्या. मधे नुसता पडदा होता. ऐकायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण घर लहान होतं.

बराच वेळ संजीव बोलत होता. मग एक अनोळखी, घसा बसलेला आवाज आला.

"मी घरी आलो का माही पोरगी पुस्तक घेऊन संडासात जाऊन बसते. आतून कडी लावून घेते. आता अकरा दिवस झाले, मी पेलो नाही. थे अजूनबी तिथंच जाऊन बसते." फरशीवर कुणीतरी सरकून बसलं. "एवढंच."

कणकेतले हात थांबले. वच्छलाबाईंना दया आली नाही, राग आला. तो त्या माणसाचा नव्हता. तेवीस वर्षांच्या संसारात बाबनराव असं एक वाक्य कधी बोलले नव्हते. ते बोलले असते का, कोण जाणे. पण बोलायला बसावं अशी जागा त्यांना कुणी दिली नव्हती. सोसायटीने नाही, वस्तीने नाही. बायकोनेही नाही. कणीक घट्ट झाली होती. त्यांनी पाण्याचा हात लावला आणि पुन्हा मळायला सुरुवात केली.

माणसं जात होती तेव्हाच सून धनश्री आपल्या मुलीला, ऋतुजाला, शिकवणीवरून घेऊन आली. धनश्री इतवारीत साडीच्या दुकानात कामाला होती. दारातून अनोळखी माणसं एकेक करून बाहेर पडताना तिने पाहिली आणि मुलीचा हात घट्ट धरला.

"आई, कोण होते हे?"

"गुरुवारवाले. हॉलले कुलूप लावलं पंतानं."

धनश्रीने आधी मुलीला आत पाठवलं. मग ती दाराशी उभी राहूनच बोलली. "तुम्हीच सांगत होत्या ना, दारुड्याची सावली या घरात पडू देणार नाही म्हणून? मामांना पायरीवर जेवाले बसवलं तुम्ही. माह्या लग्नात. माह्या माहेरचे अजून काढतात ते."

"हो. बसवलं."

"मग?"

"मग काय वं. तवा चुकलं असन. नाहीत आता चुकून राहिलं असन. मले नाही समजत." वच्छलाबाई खोलीतली चटई गुंडाळत होत्या. "पण मी त्यायले वेळ लिहून देली हाये. फळ्यावर. लिहून देली त देली."

"घरात पोरगी आहे, आई."

"त्यायच्याबी घरात पोरी आहेत."

 धनश्रीने पर्स खुंटीला अडकवली, हातपाय धुतले, चहा ठेवला. चहा उकळल्यावर तिने तिथूनच विचारलं, "दर गुरुवारी?"

"हॉल खुलेपर्यंत."

"आणि नाही खुलला तर?"

वच्छलाबाईंनी चटई कोपऱ्यात उभी केली.

"मग आतल्या खोलीतला कूलर बाहेर आणावा लागन," धनश्री म्हणाली. "नऊ माणसं या खोलीत उबून जातीन."

*

रविवारी सकाळी दहाला बैठक होती. हॉलवर नवं कुलूप नव्हतं, रंगही नव्हता. दत्तोपंत टेबलामागे बसले. विश्वनाथ त्यांना स्कूटरवर घेऊन आला होता, तो दाराजवळ उभा राहिला. वडिलांना परत न्यायचं होतं म्हणून तो थांबला आहे असं कुणालाही वाटलं असतं.

सगळ्या संस्थांची माणसं आली होती. सिकलसेल पालकांकडून मेघा, जिच्या मुलाला दर दोन महिन्यांनी दवाखान्यात ठेवावं लागे. वॉकर, कुबड्या आणि चाकाच्या खुर्च्या लोकांना वापरायला देणाऱ्या रुग्णसाहित्य बँकेच्या प्रेमिलाताई. अभ्यासिकेचा प्रतिनिधी पियुष, जो तिसऱ्यांदा तलाठी परीक्षेला बसत होता. मूकबधिर मंडळाकडून आलेले गृहस्थ पुढच्या रांगेत, सगळ्यांचे ओठ दिसतील असे बसले. संजीव मागे उभा होता. वच्छलाबाई फळ्याखाली जमिनीवर बसल्या.

दत्तोपंतांनी पत्र वाचून दाखवलं. प्रत्येक संस्थेची वेळ तशीच राहणार, फक्त गुरुवारची संध्याकाळ योगवर्गाला जाणार.

"मला कुणाबद्दल राग नाही," ते म्हणाले. "दारू सोडणं चांगलंच आहे. पण त्यासाठी दवाखाने आहेत, सरकारी केंद्रं आहेत. एका संस्थेसाठी पाच संस्थांचं नुकसान का करायचं? प्रेमिलाताई, तुमच्या खोलीत पाणी गळतं की नाही?"

"गळतं," प्रेमिलाताई म्हणाल्या. त्या निवृत्त नर्स होत्या आणि खोटं बोलत नसत. "मागच्या पावसात चार खुर्च्या गंजून गेल्या."

"बघा."

"साहेब, मी बोलू?" वच्छलाबाई उठून उभ्या राहिल्या. हॉलमध्ये त्या कधी बोललेल्या कुणाला आठवत नव्हत्या. "मले दारुड्यायची घिन आहे. लपवत नाही मी. माहा माणूस दारूनं गेला. पण गेल्या सहा वर्षांत या गुरुवारवाल्यायनं इथं एक काच फोडली नाही. एक शिवी देली नाही. जाताना खुर्च्या लावून जातात. तुमचं मंडळ पेपर टाकून जाते, ते मी उचलते."

पियुष हसला आणि लगेच गप्प झाला.

"शिस्तीचा प्रश्न नाही, वच्छलाबाई," दत्तोपंतांचा चेहरा लाल झाला होता. "प्रतिष्ठेचा आहे. सरळ बोलायचं तर, ज्यांना त्यांच्या घरच्यांनी वळण लावलं नाही, त्यांना आपण का सांभाळायचं? चांगल्या घरातली माणसं या थराला जात नाहीत."

वच्छलाबाईंनी दाराकडे पाहिलं.

विश्वनाथची मान खाली होती. एका हाताने त्याने दाराची चौकट घट्ट धरली होती. वच्छलाबाईंना जे सुचलं तेच मागे उभ्या असलेल्या संजीवलाही सुचलं होतं. एक वाक्य पुरे होतं. एक नाव. दत्तोपंत त्या खुर्चीतून उठू शकले नसते, आणि गुरुवार फळ्यावर राहिला असता.

सगळे त्यांच्या बोलण्याची वाट पाहत होते. वच्छलाबाईंनी नजर दारावरून काढून घेतली.

"चांगल्या घरातली माणसं कोणती, ते मले सांगता येत नाही साहेब," त्या म्हणाल्या. "मी फक्त एवढं सांगते, आज यायले काढता, उद्या कोणाले काढान? मेघाच्या पोराले पाहून कोणी म्हणन का आमाले बिमारी लागन. हे लोक हातानं बोलतात त पाहाले बरं नाही दिसत, म्हणन कोणी. कोणाले शोभते अन् कोणाले नाही, हे पाहून म्या फळ्यावर कधी लिहिलं नाही."

"हात वर करा," दत्तोपंत म्हणाले. "गुरुवार योगवर्गाला द्यावा असं ज्यांना वाटतं त्यांनी."

त्यांनी स्वतःचा हात वर केला. पियुषने केला. प्रेमिलाताईंनी बराच वेळ घेतला आणि मग जमिनीकडे पाहत केला.

"विरोधात?"

मेघाचा एकटीचा हात वर गेला. प्रश्न संजीवच्याच गटाचा असल्यामुळे त्याला मत नाही, असं आधीच ठरलं होतं. मूकबधिर मंडळाच्या गृहस्थांनी खिशातून कागद काढून काहीतरी लिहिलं आणि दत्तोपंतांपुढे ठेवलं. दत्तोपंतांनी ते मोठ्याने वाचलं नाही. मेघाने वाकून वाचलं. 'आम्हाला याआधी चार जागांमधून काढलं आहे. कुणाला काढायचं की ठेवायचं, यावर आम्ही हात वर करत नाही.'

"तीन विरुद्ध एक," दत्तोपंत म्हणाले. त्यांचा आवाज आता थोडा खाली आला होता. "वच्छलाबाई, तेवढं पुसून घ्या."

वच्छलाबाईंनी फळ्याखालचं फडकं उचललं, टेबलापाशी आल्या आणि ते दत्तोपंतांसमोर ठेवलं.

"तुमी पुसा. लिहिलं मी होतं. माह्या हातानं नाही पुसणार."

मग त्यांनी कमरेचा जुडगा सोडला आणि एकेक किल्ली काढून टेबलावर मांडली. "ही मोठ्या दाराची. ही मागच्या खोलीची. ही नळाच्या पेटीची. ही कशाची ते मलेबी नाही माहीत, पण सोसायटीच्या वेळची आहे."

"अहो, किल्ल्या कशाला देता?" दत्तोपंत खरोखरच गोंधळले. "तुमचं काम कुठे जातंय? नव्या हॉलमध्येही तुम्हीच राहणार. मी तसं पत्रात लिहून घेतलंय."

"मालूम आहे. तुमी माह्यासाठी लिहून घेतलं असन, तुमचा स्वभाव आहे थो." त्यांनी पदर खोचला. "पण नव्या हॉलमंदी दुसरी बाई ठेवा. तिले पुसाचं काय अन् नाही पुसाचं काय, हे आधीच सांगून ठेवा."

त्या दारातून बाहेर पडल्या तेव्हा विश्वनाथ बाजूला झाला.  आत दत्तोपंत फडकं घेऊन फळ्यापाशी गेले. सहा वर्षं दर सोमवारी गिरवलेली ती ओळ एका हातासरशी पुसली गेली नाही. त्यांना तीनदा पुसावं लागलं.

*

पुढचे गुरुवार वच्छलाबाईंच्या घरी झाले. हॉलमध्ये फोडाफोडी सुरू झाली, जुनी फरशी उखडून बोळीत ढिगारा पडला. किल्ल्या सोडल्यापासून वच्छलाबाईंनी सकाळी दोन घरी पोळ्या करायचं काम धरलं होतं. एकोणीस वर्षं हॉलकडे वळायची पायांची सवय होती, ती काही दिवस मोडली नाही. पोळ्यांना जाताना त्या मुद्दाम लांबच्या बोळीने जात.

बोळीत बोलणं सुरू झालं होतं. नळावर शेजारणीने एकदा सरळच म्हटलं, "वच्छलाबाई, तुमच्या दारातल्या त्या काळ्या चपला कोणाच्या ते ओळखलं मी." त्या दिवसापासून वच्छलाबाईंनी नवी पद्धत सुरू केली. माणूस आत जाऊन बसला की त्या त्याच्या चपला उचलून आत आणत आणि दिवाणाखाली लावून ठेवत. चिखलाच्या, अंगठा तुटलेल्या, ग्रीसचे डाग पडलेल्या. संजीवला पहिल्यांदा दिसलं तेव्हा तो ताडकन उठला. "मावशी, तुम्ही आमच्या चपला काहून उचलता? आम्ही उचलून आणतो."

"तुमी बसा. तुमी वाकून वाकून आत आणान, मंग थेबी लोकं पाहतीन."

अकरा दिवसांच्या माणसाचे आता त्रेपन्न दिवस झाले होते. त्याची मुलगी परवा पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात बसली, असं तो मागच्या वेळी म्हणाला होता.

मे संपत आला होता. त्या गुरुवारी सहा वाजून गेले तरी ऊन तसंच होतं. धनश्री कूलरमध्ये पाणी ओतत होती. वच्छलाबाई शेवटच्या दोन जोड्या आत नेऊन दार लोटणार तेवढ्यात त्यांना विश्वनाथ दिसला. तो बाकीच्यांसारखा मागच्या बोळीने आला नव्हता. मोठ्या रस्त्याने, पिठाच्या गिरणीसमोरून, चारचौघांच्या नजरेसमोरून चालत आला.

"मावशी, जागा आहे?"

"आहे. दीड महिन्यानं आला."

"हो." तो पायरीखालीच थांबला. "मधे दोनदा घेतली. तुम्हाला सांगून टाकतो."

"मले नको सांगू. आत सांग."

"बाबांना सांगितलं," तो म्हणाला. "आज दुपारी."

वच्छलाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. शर्ट चुरगळलेला होता. "काय म्हणाले?"

"काहीच नाही. पेपर वाचत होते, वाचत राहिले. मी निघालो तेव्हाही तेच पान समोर होतं." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "मावशी, त्या दिवशी बैठकीत तुम्ही बोलू शकला असता."

"हो."

"का नाही बोलल्या?"

"थे नाव माहं नव्हतं गा. तुह्यं होतं." त्या बाजूला झाल्या. "जा, सुरू झालं."

त्याने सँडल काढले आणि आत गेला. वच्छलाबाई सवयीने वाकल्या आणि दोन्ही सँडल हातात घेतले. चांगल्या कातड्याचे होते, बक्कल पितळी. महालात असे सँडल घालणारे फार नव्हते. ओळखायला कुणाला वेळ लागला नसता.

आतून विश्वनाथचा आवाज आला. "राहू द्या मावशी. बाहेरच राहू द्या."

 मग त्यांनी सँडल परत पायरीवर ठेवले, जोडीने, बोळीकडे तोंड करून. आत गेल्या नाहीत. पदराने पायरीवरची धूळ झटकली आणि सँडलांच्या शेजारी बसल्या.

शेजारीण बादली घेऊन नळाकडे निघाली होती. ती थांबली. तिने सँडलांकडे पाहिलं, मग वच्छलाबाईंकडे. वच्छलाबाईंनी पाय पुढे पसरले आणि ती पुरतं पाहून पुढे जाईपर्यंत तिच्या डोळ्यांत बघत राहिल्या.